सगळ्यांना हातमोजे सक्तीचे करू का?

पत्र

ताई, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर आमचं छोटं हॉटेल आहे. सकाळी मिसळ, पोहे; दुपारी आणि रात्री भाकरी, पिठलं, थाळी. आमचे हे गेल्यापासून सहा वर्षं मीच बघते. परवाना आहे. कामाला पाच माणसं. महिन्यापूर्वी एका गिऱ्हाइकानं भाकरी थापणाऱ्या मावशींचा फोटो काढला, 'उघड्या हातानं जेवण करतात, किळस आली' असं लिहून गुगलवर टाकला आणि एकच तारा दिला. माझा मुलगा पुण्याला शिकतो. तो म्हणाला, आई, उद्यापासून सगळ्यांना हातमोजे घाल. मी शंभर नगांचा डबा आणला, तो चार दिवसांत संपला. मावशी अकरा वर्षं आमच्याकडं आहेत. त्या म्हणाल्या, 'आता माझ्या हाताची घाण वाटाय लागली व्हय?' आणि दोन दिवस आल्याच नाहीत. मिसळीवरच्या पोराच्या बोटांना पुरळ उठलंय. सरकारचा नियम काय आहे? सगळ्यांना सक्ती करू का? का हे नुसतं दाखवायचं काम आहे?

उत्तर

सरसकट सक्ती करू नका. भाकरी थापणाऱ्या हाताला मोजा नको. मिसळीच्या टेबलावर हवा. आणि एका तिसऱ्या ठिकाणी हवाच हवा, पण त्या ठिकाणचं तुमच्या पत्रात काहीच नाही. त्याकडे नंतर येते.

मावशींची भाकरी आधी घेऊ. पीठ परातीत मळलं जातं, थापलं जातं, तापल्या तव्यावर पडतं, वरून पाणी फिरतं, भाकरी उलटते आणि शेवटी आचेवर टम्म फुगते. फुगते याचा अर्थ आतल्या पाण्याची वाफ झाली. टायफॉइडचे, जुलाबाचे जंतू त्याच्या कितीतरी आधी मरतात. मावशींनी हात धुऊन पीठ मळलं असेल, तर त्या हातापासून गिऱ्हाइकाला भीती नाही. उलट पातळ प्लास्टिकचा मोजा तव्याच्या धगीनं आक्रसतो, चिकटतो, त्याचा तुकडा पिठात गेला तरी कळत नाही. शिवाय भाकरी हाताला कळावी लागते. कडेला चीर पडतेय, पीठ कोरडं होतंय, हे मोज्यातून कसं कळणार?

मी तुमच्याकडे जेवायला आले असते तर मावशींच्या हाताकडे पाहिलं नसतं. भाकरी भाजून झाल्यावर कुठे पडते ते पाहिलं असतं. दुरडीत फडकं असेल, तर ते रोज उकळत्या पाण्यातून निघतं का? की त्याच फडक्याला सगळे येता-जाता हात पुसतात? भाजलेली भाकरी चिमट्यानं उचलतात, की भांड्यांना लागलेल्या ओल्या हातानं? आच संपल्यावर अन्नाला जे जे लागतं, त्याची काळजी घ्यायची. हातमोज्यांचा सगळा हिशेब त्या रेषेपाशी आहे.

आता मिसळीचं टेबल घ्या. रस्सा उकळता असतो, ते ठीक. पण त्यावर मूठभर फरसाण, चिमूटभर कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड आणि शेजारी पाव, हे सगळं हातानं येतं आणि यातलं काहीही पुन्हा विस्तवावर जात नाही. तो पोरगा मधल्या वेळात काय करतो? सुटे पैसे देतो, पार्सलची पिशवी तोंडानं फुंकून उघडतो, फोन उचलतो, टेबलावर फडकं मारतो, कपाळाचा घाम पुसतो. मग पुन्हा कांद्यात हात. तुमच्या हॉटेलातली जोखमीची जागा ही आहे आणि त्या गिऱ्हाइकानं नेमका तिचा फोटो काढला नाही.

मेरी मॅलनची हकिकत इथे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ही आयर्लंडहून अमेरिकेत गेलेली स्वयंपाकीण. १९०६ साली न्यूयॉर्कजवळच्या ऑयस्टर बे इथे एका बँकरच्या कुटुंबानं उन्हाळ्यापुरतं घर घेतलं होतं. घरातल्या अकरापैकी सहा जणांना टायफॉइड झाला. शोध घ्यायला आलेल्या जॉर्ज सोपरनं पाणी, दूध, शिंपले सगळं तपासलं आणि शेवटी तो मेरीपर्यंत पोहोचला. तिला स्वतःला काही झालेलं नव्हतं. धडधाकट बाई. पण तिच्या पोटात टायफॉइडचे जंतू मुक्कामाला होते. सोपरला आधी एक गोष्ट कळेना. तिचं सगळं रांधलेलं अन्न तर आचेवरून उतरलेलं, मग रोग गेला कशातून? उत्तर सापडलं आइस्क्रीममध्ये. त्यात ती ताजी पीच फळं हातानं चिरून घालायची. तुमच्या मिसळीवरचा कांदा आणि तिची ती फळं एकाच जातीची. मेरीच्या कथेत पुढे आणखी एक गोष्ट आहे, तीही तुमच्या कामाची आहे. ती थोड्या वेळानं.

म्हणून मिसळीवर मोजा हवा म्हणते. पण कसा? तुमच्याच पत्रातलं गणित मांडा. शंभर नग, पाच माणसं, चार दिवस. म्हणजे एका माणसाला दिवसाला पाच नग, अडीच जोड. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत अडीच जोडांत भागलं, याचा अर्थ मोजे बदललेच गेले नाहीत. त्याच मोज्यानं पैसे घेतले गेले, त्याच मोज्यानं कांदा टाकला गेला. हा तुमच्या माणसांचा दोष नाही, मोज्याचा स्वभावच तसा आहे. उघडा हात चिकट झाला, ओशट झाला की माणसाला कसंसंच होतं, तो आपसूक नळाकडे जातो. मोजा घातला की ते जाणवणंच बंद. आतला हात कोरडा, स्वच्छ वाटत राहतो आणि बाहेर मोज्यावर सगळा बाजार साठतो. अमेरिकेत सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत उभं राहून निरीक्षण केलं, तेव्हा मोजे घातलेले कामगार हात कमी वेळा धुतात हेच दिसून आलं. कॅलिफोर्नियात तर जानेवारी २०१४ पासून थेट खायच्या पदार्थांना उघडा हात लावायला कायद्यानं बंदी केली होती. सुशी करणारे आणि बारवाले उठले, त्याच वर्षाच्या मध्याला तो नियम मागे घ्यावा लागला. अर्थात तिथल्या इतर अनेक राज्यांत बंदी अजून आहे. म्हणजे जाणती माणसंही यात दोन्ही बाजूंना आहेत.

माझा स्वतःचा कल असा: जिथं चिमटा, चमचा, डाव चालतो तिथं मोजा नकोच. फरसाणाला ओगराळं ठेवा. कांदा-कोथिंबिरीच्या डब्यात लांब दांड्याचा चमचा ठेवा, म्हणजे तो डब्यात बुडणार नाही. पाव चिमट्यानं. लिंबाच्या फोडी आधीच कापून झाकून ठेवा. एवढं केलंत की मोज्याची गरज उरते ती कांदा, कोथिंबीर, काकडी चिरताना आणि कोशिंबीर कालवताना. ते काम सकाळी एका बैठकीत होतं. हात धुवायचे, कोरडे करायचे, मोजा चढवायचा, चिरून संपवायचं, मोजा उलटा काढून टाकून द्यायचा. हात न धुता मोजा चढवू देऊ नका; आत घाम साचतो, त्या उबेत जंतू वाढतात आणि मोजा फाटला की तो घाम थेट अन्नात.

आणि पैसे घेणारा माणूस वेगळा करा. पाच जणांत हे जड जातं हे मला ठाऊक आहे. पण आता बरीच गिऱ्हाइकं क्यूआर कोड स्कॅन करून मोकळी होतात, रोख राहिली थोडी. ती गल्ल्यावर तुम्हीच घ्या. मिसळीवरच्या पोरानं नोटेला हातच लावायचा नाही.

आता सरकारचं. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६चा, त्याखालचे परवान्याचे नियम २०११चे. त्यातल्या अनुसूची ४मध्ये तुमच्या कामाचं सगळं आहे. मालकानं कामगारांना स्वच्छ कपडे, डोक्यावर टोपी, तोंडाची पट्टी, हातमोजे आणि पायताण पुरवायचं, असं त्यात लिहिलंय. म्हणजे मोजे तुमच्याकडे असायला हवेत, तपासणीला साहेब आले तर दाखवता आले पाहिजेत. पण त्याच अनुसूचीत आणखी गोष्टी आहेत आणि त्या कुणी गुगलवर लिहीत नाही. प्रत्येक कामगाराची वर्षातून एकदा डॉक्टरकडून तपासणी. टायफॉइडसारख्या आजारांची लस. त्याची नोंद. हात धुवायला साबण आणि पाणी. आणि जुलाब, कावीळ, ताप किंवा चिघळलेली जखम असलेल्या माणसाला अन्नापासून दूर ठेवायचं. पाचही जणांची तपासणी झाली आहे का? लस दिली आहे का? नसेल तर मोज्यांचा पुढचा डबा घेण्याआधी ते करा.

आजारी माणसाला दूर ठेवायचं, हे लिहायला सोपं. मी बावीस वर्षं मुलींच्या एका वसतिगृहाची मेस सांभाळली. पाहुणे यायचे, समित्या यायच्या, त्यांना बरं दिसतं म्हणून मीच पहिल्यांदा मोजे आणले. एका रविवारी फ्रूट कस्टर्ड होतं. दुपारी केलं, फ्रिजमध्ये जागा नव्हती, पातेलं संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहिलं. जेवण झाल्यावर तीन तासांत अकरा मुलींना उलट्या सुरू झाल्या. फळं चिरणाऱ्या पोराला मी दुसऱ्या दिवशी बोलावलं. त्यानं मोजा काढला, तर आत बोटाला चिंधी बांधलेली, चिंधी पिवळी पडलेली. दोन दिवसांपूर्वी विळीवर कापलं होतं, त्यात पू झाला होता. अशा जखमेतले जंतू अन्नात वाढताना एक विष सोडतात, ते मग उकळूनही जात नाही. मोज्याच्या टोकाला बारीक फाट होती. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, 'सुट्टी टाकली तर खाडा लागतो.' खाड्याचा नियम माझाच होता. मुली बऱ्या झाल्या, पण तो पिवळा बोळा माझ्या डोळ्यांसमोरून गेलेला नाही. मोजा नसता तर ती चिंधी सकाळीच माझ्या नजरेला पडली असती.

मेरी मॅलनचं राहिलेलं आता सांगते. तिला १९०७ मध्ये पकडून एका बेटावर ठेवलं. १९१० मध्ये सोडलं, पुन्हा स्वयंपाकाचं काम करायचं नाही या अटीवर. ती धुण्याच्या कामाला लागली. धुण्यात पैसे कमी, स्वयंपाकात जास्त. शेवटी नाव बदलून ती पुन्हा चुलीपाशी उभी राहिली. १९१५ मध्ये बायकांच्या एका इस्पितळात पंचवीस जणांना टायफॉइड झाला, दोघं दगावले. स्वयंपाकघरात मेरी होती. पुढचं सगळं आयुष्य, १९३८ मध्ये मरेपर्यंत, त्या बेटावर. तिला सगळ्यांनी नावं ठेवली. 'तू हे काम सोड, तुझ्या पगाराएवढे पैसे आम्ही देतो,' असं कुणी तिला म्हणालं असतं तर ती परत चुलीपाशी गेली असती का, हे मला राहून राहून वाटतं.

म्हणून कळकळीनं सांगते, तुमच्या हॉटेलात एक नियम आजच करा. जुलाब, उलटी, कावीळ, पू आलेली जखम असेल तर सांगायचं, घरी थांबायचं आणि पगार कापला जाणार नाही. जुलाब-उलटी थांबल्यावरही आणखी दोन दिवस अन्नाला हात लावायचा नाही. त्या दिवसांत गल्ला किंवा बाहेरचं काम द्या. साधी कापल्याची जखम असेल तर पाणी न शिरणारी पट्टी, तिच्यावर मोजा आणि काम चिराचिरीचं सोडून दुसरं. पाच माणसांच्या हॉटेलला वर्षात असे किती भरपगारी दिवस द्यावे लागतील? दहा? पंधरा? त्याची बेरीज मोज्यांच्या डब्यांशी ताडून बघा.

आता हात धुण्याची जागा. तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुतेक छोट्या हॉटेलांत भटारखान्यात एकच मोरी असते, तिथंच भांडी, तिथंच तांदूळ, तिथंच हात. हातासाठी वेगळं बेसिन लावा, लहान का असेना. ते मिसळीच्या टेबलापासून चार पावलांवर हवं. लांब असेल तर गर्दीत कुणी जाणार नाही. वडी नको, तिच्यावर पाणी साचून ती बुळबुळीत होते. दाबायच्या बाटलीतला साबण ठेवा. तळहात, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं, वीस सेकंद चोळून. पुसायला कागद; टांगलेला नॅपकिन नको. सॅनिटायझरवर विसंबू नका. ओशट हातावर तो नीट चालत नाही आणि उलट्या-जुलाबाच्या काही विषाणूंवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. मनगटाकडेही बघा. देवाचा लाल-पिवळा दोरा बहुतेकांच्या हातात असतो, तो दिवसभर ओला असतो, त्यात पीठ, तेल, हळद सगळं मुरतं. तो काढ म्हणणं अवघड. दंडाला बांध म्हणा, सहसा ऐकतात. काचेच्या बांगड्यांचंही तसंच. मावशींना त्या कोपराकडे सरकवून वर कापडी बाही चढवता येईल.

तुमच्या पोराच्या पुरळाबद्दल. तासन् तास घामात आणि ओल्यात राहिलेल्या कातडीला असं होतं; कधी रबराच्या मोज्याचीही बाधा होते. त्याला आठ दिवस मोजा देऊ नका, चिमटे-चमचे द्या. हात नीट कोरडे करू दे, रात्री झोपताना खोबरेल लावू दे. आठ दिवसांत उतरलं नाही तर कातडीच्या डॉक्टरला दाखवा. पुढे चिरायच्या कामाला आणाल तो मोजा पावडर नसलेला, नायट्रायल या कृत्रिम रबराचा आणा. भेगाळलेल्या कातडीत जंतू घर करतात, म्हणून पोराचे हात बरे असणं हे गिऱ्हाइकाच्याही हिताचं आहे.

आणि आता ते तिसरं ठिकाण. तुमच्याकडे भांडी कोण घासतं? पाच माणसांत ती बाई असेल किंवा पोरगा असेल. दिवसभर पाणी, पावडर, काथ्या, उष्टं. त्यांची बोटं एकदा हातात घेऊन बघा. जाड रबराचे कोपरापर्यंतचे मोजे त्यांना आधी द्या. शस्त्रक्रियेतल्या रबरी हातमोज्याची सुरुवातच अशा हातासाठी झाली आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात कॅरोलाइन हॅम्प्टन नावाची परिचारिका होती. शस्त्रक्रियेआधी हात धुवायच्या जहाल औषधानं तिचे हात सोलवटून निघायचे. १८८९-९० च्या सुमाराला डॉक्टर हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबराचे मोजे करून घेतले. रुग्णाला जंतू लागू नयेत हा विचार नंतर आला. आधी आला तो काम करणाऱ्या बाईच्या हातांचा. ढीगभर हिरव्या मिरच्या चिरणाऱ्यालाही मोजा द्या. ती आग रात्रभर जात नाही.

राहिल्या मावशी. त्यांना एवढं का लागलं, ते तुम्हाला कळलं असेलच. आपल्याकडे कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या हातचं नाही, याचा हिशेब पिढ्यान् पिढ्या मांडला गेला. त्यात जंतूंचा काही संबंध नव्हता. 'तुझ्या हाताची किळस येते' हे वाक्य ज्यांनी किंवा ज्यांच्या आईनं ऐकलंय, त्यांना प्लास्टिकचा मोजा नुसता मोजा दिसत नाही. गिऱ्हाइकाच्या मनात तसं काही नसेलही. त्याला आजारी पडायची भीती वाटली असेल आणि ती भीती खरी आहे. पण किळस आणि जंतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जंतूंचा बंदोबस्त करणं हे तुमचं काम, त्यात हयगय नको. किळसेपुढे मात्र अकरा वर्षं राबलेल्या बाईला खाली मान घालायला लावू नका.

त्या गिऱ्हाइकाला उत्तर द्या, रागावून नको. असं काहीतरी लिहा: 'तुम्हाला काळजी वाटली, ती आम्ही समजून घेतली. भाकरी धुतलेल्या हातानं थापून तव्यावर आणि आचेवर भाजली जाते, त्यामुळं तिथं आम्ही मोजे वापरत नाही. कांदा, कोथिंबीर, कोशिंबीर यांसाठी चमचे, चिमटे आणि मोजे वापरतो. आमच्या सर्व कामगारांची वैद्यकीय तपासणी व लसीकरण झालेलं आहे. हात धुण्याचं बेसिन तुम्हाला बसल्या जागेवरून दिसेल. पुन्हा जेवायला या.' पण यातलं अक्षर न् अक्षर खरं झाल्यावरच टाका. तपासणी आणि बेसिन व्हायला पंधरा दिवस लागले तर पंधरा दिवस थांबा.

आणि बेसिन खरोखरच गिऱ्हाइकांना दिसेल अशा जागी बसवा. पहिल्या दिवशी सकाळी, गर्दी सुरू व्हायच्या आधी, मावशींना बोलवा. मोज्याचं चुकलं, असं सरळ सांगा. मग तुम्ही स्वतः बाह्या वर करून कोपरापर्यंत हात धुवा आणि साबणाची बाटली त्यांच्याकडे सरकवा.